भरलेले दिवस

गेटवरच्या मशीनने अंगठा घेतला नाही.
पुसला, फुंकला, ओढणीला घासून पुन्हा टेकवला.
लाल दिवा.
मागे रांग, अंबडची सकाळची थंडी,
आणि वॉचमन बोरसेकाका माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आत फोन लाव बाई, नाव काढलंय वाटतं."

पत्र नाही, कागद नाही.

ठेकेदाराचं आडनाव पगार. कळवणकडचे.
नावाला कधी वेळेवर जागले नाहीत.
म्हणाले, "काही पोच आहे का तुला?
पाचवा लागला, उभ्याचं काम,
उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात.
घरगुती कारण, स्वखुशीने, असं लिही.
हिशोब आजच्या आज."
पेनाचं टोपण त्यांनीच काढून दिलं.

माझं काम तपासणीचं.
गाडीच्या वायरींचा जुडगा हातात येतो,
एकशे चौदा टोकं,
एक जरी सैल निघालं तरी लाल स्टिकर.
सहा वर्षांत कधी कचरले नाही.
त्या कागदावर "स्वखुशीने" हा शब्द
सैल होता.
टोपण परत लावलं.

पपया नर्सरीच्या थांब्यावर विशाखा गांगुर्डे भेटली.
तिने केली होती सही, तिच्या वेळी.
अकरा हजार मिळाले, त्यातून पाळणा घेतला.
"मला माहीत नव्हतं गं," एवढंच बोलली.
मग तिची रिक्षा आली.

सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, देव देईल.
नवरा म्हणाला, कोर्टकचेरी आपलं काम नव्हे.
दोघंही वाईट नाहीत.
हप्ता दहा तारखेचा आहे.

कामगार कार्यालयातल्या बाई जेवत होत्या, मेथीची भाजी.
डबा न झाकताच विचारलं, "दिवस किती भरलेत?"
वीस आठवडे, मी म्हटलं.
"ते नाही गं. कामाचे."

मग चपातीचा तुकडा हातात तसाच धरून सांगत राहिल्या:
डॉक्टरने दिलेली तारीख धर,
तिथून मागे बारा महिने मोज,
त्यात ऐंशी दिवस कामावर असलीस की झालं.
ठेक्यावर असलीस तरी.
दिवस गेले म्हणून बाईला काढता येत नाही.
आणि सव्वीस आठवडे पगार.
"पगार?" मी दचकले.
"पगार," त्या म्हणाल्या, आणि घास खाल्ला.

हजेरीचं पुस्तक ठेकेदाराकडे.
पण आमच्या ओट्यावर दुधाचं कॅलेंडर आहे.
सासूबाईंचं अर्धा लिटर, एक लिटर, नागा,
आणि त्याच चौकोनात, कोपऱ्यात, पेन्सिलीने माझं
प, दु, रा:
पहिली पाळी, दुसरी, रात्र.
कुणाला दाखवायला नव्हतं ते,
डबा कधी भरायचा एवढं घरात कळावं म्हणून.

रात्री लादीवर बसून मोजले. एकशे ऐंशी.
सासूबाईंनी चष्मा लावला, पुन्हा मोजले,
एकशे त्र्याऐंशी म्हणाल्या.
तीन चौकोनांवर दूध सांडून पेन्सिल पुसली होती.
त्यांना ते दिवस पाठ होते.
"संकष्टीला तू रात्रपाळीला गेलीस,
चंद्र दिसला तरी मी जेवले नव्हते."
देव देईल, हे त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत.

अर्ज दोन प्रतींत.
बाईंनी एक ठेवून घेतली, दुसरीवर शिक्का मारला.
"ही तुझी पोच. पोच घेतल्याशिवाय
कुठलाच कागद कुणाच्या टेबलावर सोडायचा नाही."
जांभळा शिक्का, तारीख, आडवी सही.
आयटीआय सिग्नलला उभी राहून
वाळेपर्यंत त्याच्यावर फुंकर घालत राहिले.
पगारांचा फोन दोनदा वाजला.
वाजू दिला.

निकाल लागेल तेव्हा लागेल.
घरी आले, कॅलेंडरपाशी गेले.
दूध एक लिटर.
कोपऱ्यात काय लिहावं कळेना,
प नाही, दु नाही, रा नाही.
मग पेनाने लिहिलं,
पो.