अकरा मिनिटं

आमच्या चिआतुरात एकेकाळी सगळंच दोरावर लटकायचं,
कामगार, मँगनीज, पिठाची पोती, नव्या नवऱ्या.
मी खाली काट्यावर बसून वजनं लिहायची, एकतीस वर्षं.
तेव्हा जड काय असतं
हे मला कुणी शिकवायला नको.

तरी हा कॉम्प्युटर!
बटण दाबलं की आधी खोकायचा,
मग घाण्याच्या बैलासारखं ते निळं वर्तुळ
गोल गोल.
मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं.

मागुली तिकडे इटलीत, बारीला,
परक्या म्हातारीला भरवते, फिरवते, निजवते.
तिला रविवारी अर्धा तास सुट्टी.
त्यातली अकरा मिनिटं हा खायचा.
दुरुस्तीवाला रेवाझ म्हणाला,
"जुना झाला, आजी. नवा घ्या, हप्त्यानं देतो."
माझ्याकडेच बघून म्हणाला.

मग वरच्या मजल्यावरची तेक्ले आली,
चौदा वर्षांची, नखं हिरवी.
पैसे नकोत म्हणाली,
आंबट आलुबुखाराची चटणी असली तर चालेल.
पहिला प्रश्न, "शेवटचा बंद कधी केला होतात?"
बंद? पडदा काळा झाला की
मी त्यावर फडकं टाकायची, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं.
"म्हणजे फेब्रुवारीपासून जागाच आहे बिचारा."

तिनं यादी काढली,
हा उठताच कोण कोण सोबत उठतं त्याची.
एकोणीस जण!
प्रिंटर विकून तीन वर्षं झाली,
त्याचा चाकर अजून रोज दारात उभा.
नातवाचा रणगाड्यांचा खेळ,
हवामान सांगणारा एक,
(हवामान मला गुडघा सांगतो)
आणि काही असे की ज्यांना मी जन्मात बोलावलं नव्हतं,
आयत्या बिळावरचे नागोबा.
"यांना घालवायचं नाही," तेक्ले म्हणाली,
"नुसतं सांगायचं, हाक मारल्याशिवाय येऊ नका."
हे मला माझ्या जावांच्या बाबतीत
कुणी वेळेवर सांगितलं असतं तर.

उघड्या राहिलेल्या त्रेपन्न खिडक्या मिटल्या.
कचरापेटी उपसली. तिथं एक पत्र सापडलं,
नगरपालिकेला लिहिलेलं, सात पानी,
दोरावरचा पाळणा बंद पडला तेव्हाचं,
न पाठवलेलं.
"उडवू?" म्हणाली.
मी म्हटलं, थांब.
तेवढं परत वर काढून ठेवलं.
सात पानांनी कुणी हळू होत नाही.

मग वायर उपटून तिनं पाठ उघडली.
पंख्यात काळी भुकटी बसली होती, आमच्या खाणीची,
माझ्या वालिकोच्या छातीत होती तीच असणार.
मी काही बोलले नाही.
पावावर अंडं फिरवायचा ब्रश आणून दिला.
ती हळूच झाडत राहिली,
खिडकीशी धरून, श्वास रोखून.

चाळीस सेकंद!
एक फुटकी कवडी न देता.
तेक्ले बरणी काखेत मारून गेली.

रविवारी मागुली पुरा अर्धा तास दिसली.
एकोणिसाव्या मिनिटाला आमचं बोलणं संपलं.
मग ती नुसती तिथलं संत्रं सोलत बसली,
मी इथं राजमा निवडत.
फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

राहिली गोष्ट सकाळची.
हा जागा होईपर्यंत मी गॅलरीत उभी राहायची,
समोरच्या गॅलरीत ओतार टोमॅटोला पाणी घालायचा,
चांभार, एका कानानं बहिरा,
त्यामुळे आमच्या गप्पा अख्ख्या गल्लीला पाठ.
सोमवारी मी आलेच नाही.
मंगळवारी त्यानं पलीकडून विचारलं,
"मशीन बिघडलं की काय?"
"सुधारलं!" मी ओरडले.
"काय?"
"सुधारलं!"
त्यानं मान हलवली, वाईट वाटल्यासारखी.

आता मी बटण दाबते
आणि चहा घेऊन सरळ बाहेर जाते.
आत तो कधीच तयार होऊन बसलेला असतो.
बसू दे.
अकरा मिनिटं मी थांबले याच्यासाठी, वर्षानुवर्षं.