पहिली नक्कल

नुआकशोतच्या बाजारात माझी टपरी:
एक लॅपटॉप, सात वायरी, वाळू.
येदाली आला. म्हणाला, मामाचं तिदिनीत आहे यात,
चार तारा, पण पत्र्यावर वाजवल्यासारख्या.
तीनशेवीसवर कर, लागतील ते पैसे घे.

मी म्हटलं, बाबा रे,
पाणी घातलेलं दूध
मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दाट होत नाही.
ही फाइल या फोनातून त्या फोनात,
एमपीथ्रीतून एएसीत, पुन्हा एमपीथ्रीत,
दर नाक्यावर जकात भरत आलीय.
आधी गेलं ते वरचं, बारीक:
तारेला नख लागतं तो आवाज.

तो चिडून गेला.
नवव्या दिवशी परतला, अतारहून,
ट्रकच्या टपावर बसून,
रुमालात मामीचा फुटका फोन.

या खेपेला मी काहीच बदललं नाही.
नुसती उचलून ठेवली, आहे तशी.

हेडफोनमध्ये आधी कुणी खोकलं.
मग चहाच्या पेल्यावर पेला, टिणकन.
हा पेला कधी ऐकलाच नव्हता, येदाली म्हणाला,
आणि परत मागे नेलं.

मी नाही सांगितलं त्याला
की त्या फोननंही त्या रात्री
थोडं कापूनच घेतलं होतं.