मनगटावरचा शिक्का

दर शनिवारी सात पोरं. कधी सहा,
एल्मेरला बस लागते, आणि कधी कधी
लागणार असं तो आदल्या रात्रीच सांगतो.
मी मोजते. उतरल्यावर मोजते, फाटकाशी मोजते,
गणित कच्चं नाही माझं,
भीती पक्की आहे.

मला पाववालीला हे कुणी सांगितलं नव्हतं.
हुस्तिनाची आई माझ्याकडूनच पाव न्यायची.
एक दिवस पोर एकटीच आली,
मुठीत गरम झालेली नाणी.
म्हणाली, दोन द्या. उद्याही दोन.
पुढं किती दिवस, ते कोर्टानं अजून सांगितलं नाही.

फाटकात सार्जंट चोकेबाई
आत जाणाऱ्याच्या मनगटावर जांभळा शिक्का मारतात.
"पुसलात तर बाहेर सोडणार नाही हं!"
दर वेळी तेच, हसून.
बाई वाईट नाही. महिनाअखेरीला
माझ्याकडून उधारीवर नेते.

आत, वाळत घातलेल्या चादरींखाली
आया वेण्या घालतात.
घालून झाली की उकलतात, पुन्हा घालतात,
दोन वाजेपर्यंत केसांतून हात निघत नाही.

त्या शनिवारी हुस्तिना वेणीला बसलीच नाही.
मनगट चाटलं,
आईचं मनगट ओढून त्यावर दाबून धरलं,
मी कणीक दाबते तसं, अंगाचं सगळं वजन टाकून.
आईला आधी खेळ वाटला.
मग कळलं.
तरी तिनं हात ओढून घेतला नाही.

शिक्क्यात गावाचं नाव आहे, ORURO,
उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तेच.
पोरीनं हे बसमध्ये, आठवडाभर आधी,
कुणाला न विचारता वाचून ठेवलं होतं.
फक्त दोन आर पाठमोरे उमटले.

पिवळ्या रेघेपर्यंत आई तिच्यामागून चालत आली.
चोकेबाईंनी तो हात दिव्याखाली धरला.
बराच वेळ धरला.
रांगेत मागं कुणीतरी खाकरलं.
"फिकट उठलाय," त्या म्हणाल्या. "फिकट चालत नाही."
आणि आईची बाही त्यांनी स्वतःच
खाली ओढून बटण लावलं.

परतीच्या बसला हीटर नव्हता.
खिडकीला आतून बर्फाची साय.
मी एरवी तोंडाळ, पण कोचाचं फाटलेलं शिवण
नखानं उसवत बसले.
हुस्तिना आपलं मनगट न्याहाळत होती.
"थुंकी कमी पडली," ती म्हणाली,
आणि माझ्याकडं पाणी मागितलं.