चार बोटं कोरी

तीन आठवडे झाले, ग्राफ पेपर कोराच.
कोंड्याल शेठ रोज सकाळी फोन करतात,
"मोर काढायला इतका वेळ? आमचे वडील
चहा गार व्हायच्या आत काढायचे."

मी मोर काढत नाहीये.
जुन्या चादरी बघत हिंडतेय.
स्टँडामागच्या लॉजमध्ये,
सिव्हिलच्या व्हरांड्यात नातेवाइकांच्या अंगाखाली,
इस्त्रीवाल्याच्या टेबलावर, चौपदरी, जळकी.
वहीत लिहिते:
हनुवटीपाशी आधी विरते.
पायाकडे मुलं अंगठ्यानं भोक पाडतात.
मोराचा डोळा झिजलेली एकही सापडली नाही,
तिथं कुणाचा हात जातच नाही.

विडी घरकुलात यल्लम्माबाई.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं.
घरात एकाच लॉटच्या पाच चादरी,
पाचही मरून, माणसंही पाच.
"लाइट गेल्यावर आपली कशी ओळखता?"
हसली. रोज हजार विड्या वळणारी बोटं
काठावरून सरकवत नेली,
एका जागी थांबली.
"हे बघ. इथं गाठ हाय."

मागावर धागा तुटला असणार.
दुसऱ्या पाळीच्या शेवटी, बदलीवरच्या एखाद्या पोरानं
घाईघाईत जोडला असणार.
शेठ ह्याला डाग म्हणतात,
असला माल वेगळा काढून
किलोवर विकतात.

त्या रात्री मोर काढला.
नेहमीपेक्षा लहान, जरा खाली सरकलेला.
दोनदा खोडला. पिसारा अजून आवडलेला नाही.

भूमय्या गड्डम चाळीस वर्षं जकार्डची कार्डं पाडतो,
कागद उलटा धरला तरी नक्षी वाचतो.
उशाकडं सोडलेल्या चार बोटं पट्ट्यावर
त्याची पेन्सिल अडली.
"इथं विसरलीस काय बे?"
"नाही. तिथं गाठ येईल."
"कसली गाठ?"
"पडेल ती. बोटाला लागावी म्हणून
आजूबाजूला काही काढलं नाही."
त्यानं चष्मा कपाळावर ढकलला,
कागद बाजूला ठेवून माझ्याकडं पाहिलं.
"आणि धागा तुटलाच नाही तर?"

हे वहीत नव्हतं.

खाली सोळा माग चालू होते.
आम्ही दोघं जिन्याच्या तोंडाशी
ऐकत बसलो,
एखादा थांबतो का.