डाव्या बाजूची खाच

पहाटे साडेपाचला कृष्णेवर धुकं असतं,
कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास असतो,
आणि मी सायकलच्या जुन्या ट्यूबनं
वल्ह्याला सेन्सर बांधत असते.
कंपनीचा पट्टा पहिल्याच आठवड्यात सुटून पडला.
असेल बंधाऱ्याखाली, मगरीच्या ताब्यात.

कार्डावर माझ्या नावाखाली दोन धंदे आहेत:
रोइंग प्रशिक्षक. जैवयांत्रिकी संशोधक.
सांगलवाडीत पहिल्याला मान,
विद्यापीठात दुसऱ्याला,
बँकेत कुणालाच नाही.

आमची शर्यतीची होडी पुण्याहून आणलेली,
तिसऱ्या हाताची, पोटाला फायबरचं ठिगळ.
चौघी तिच्यात पाठमोऱ्या बसतात,
सोडलेला घाट बघत पुढं जातात.
आयर्विन पूल त्यांना ओलांडल्यावर दिसतो.

पहिल्या दिवशी मी सांगते:
होडी सगळ्यात वेगात असते
ती वल्हं पाण्याबाहेर असताना.
कुणाचा विश्वास बसत नाही.
आलेख दाखवला की म्हणतात,
मॅडम, उलटा धरलाय.

अल्फिया नदाफ. सतरा वर्षं, अठ्ठावन्न किलो,
वडिलांचं कापूस पिंजायचं दुकान.
तिची ओढ पहिल्यांदा मोजली
तेव्हा स्क्रीनवर अशी गुळगुळीत टेकडी उमटली
की माझा चहा गार झाला.
मग फेब्रुवारीत
डाव्या वल्ह्याच्या टेकडीला, उतारावर, एक खाच.
नखाएवढी. रोज त्याच कोनात.

मी खाच मोजली.
तिला नाव दिलं, आकडा दिला,
शोधनिबंधात तिच्यासाठी एक परिच्छेद मोकळा ठेवला.
तीस सत्रांची मालिका, एकोणीस झाली होती.
ती वल्हवत राहिली, मी नोंदवत राहिले.
दुखतंय का, एकदा विचारलंही.
"न्हाई मॅडम."
मला तेच उत्तर हवं होतं.

दगडूतात्या आंबी,
एके काळी हरिपूरच्या संगमावर नाव चालवायचे,
आता घाटावर तंबाखू मळत बसतात.
त्यांनी स्क्रीन पाहिला नाही, चष्माही नव्हता.
म्हणाले,
"ती तिसरी पोरगी अर्धाच श्वास घेतीया.
लई दिस झालं बघतोय."

लई दिवस.
माझ्याकडे ते तारखेसकट होते.

मिरजेत डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
आठव्या बरगडीवर केसाएवढी रेष.
मी ती आधी पाहिलेली,
फक्त दुसऱ्या अक्षावर.
अल्फियाचे अब्बा म्हणाले,
तुम्ही होता म्हणून वेळेत कळलं.
मी मान हलवली.
होकाराची की नकाराची, मलाही ठाऊक नाही.

वीस वर्षांपूर्वी माझ्या कमरेबद्दल
कुणी असंच पाहून सांगितलं असतं तर—
हे वाक्य मी खोडते. सबब आहे ती.

परीक्षकाचं पत्र आलंय:
वीस ते तीस, अकरा रकाने रिकामे.
कारण द्यावे.
मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.
सध्या तिथं एवढंच आहे:
खेळाडू काठावर होती.

ती खरंच काठावर आहे, सहा आठवडे.
घाटाच्या पायरीवर, तात्यांच्या शेजारी,
हातात माझं स्टॉपवॉच.
तिघी आणि एक बदली निघतात
तेव्हा बटण दाबायच्या आधी
तिचे गुडघे आपोआप पोटाशी येतात.
वेळ दर खेपेला थोडी चुकते.
मी तशीच लिहून घेते.