पाच खाचा

कबालेच्या वर, जिथं डांबर संपून
लाल मातीचा चढ लागतो,
तिथं निलगिरीच्या बुंध्याला टेकून माझं दुकान.
दुकान म्हणजे एक पत्रा, एक हवेचा पंप
आणि आकड्यासारखा वाकडा पाना,
ज्याची मूठ घासून माझ्या तळव्यासारखी झालीय,
की तळवा मुठीसारखा, आता सांगता येत नाही.

मागच्या शॉकच्या तळाशी पाच खाचा असतात.
पहिली एकट्याची.
दुसरी, मागं कुणी सडपातळ बसलं तर.
तिसरीवरून माझं गिऱ्हाइकांशी रोज भांडण.
पाचवी केळ्यांच्या घडांची, सिमेंटची,
क्वचित आडव्या बांधलेल्या शवपेटीची.

रिकाम्या गाडीवर पाचवी ठेवून हिंडणारा
मला लांबून ओळखू येतो:
प्रत्येक दगडावर चाक जमीन सोडतं,
मणक्यांचा आवाज दातांत येतो,
आणि पोरगा म्हणतो, रस्ताच भिकार आहे, क्यारिसीमा.
पहिलीवरच पोती लादणाऱ्याचं उलटं.
बूड खाली, नाक वर,
दिवा रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळत जातो
आणि समोरचा आई-बापावरून शिव्या देतो.

काल दिवस कलताना तुर्याहिकायो आला.
"पाचवी कर. दोन्हीकडे."
मी त्याच्या मागं पाहिलं. काहीच नव्हतं.
"आईला न्यायचंय घरी. डॉक्टर म्हणाले, न्या."
"मग पाचवी कशाला?"
"तू पाहिलं नाहीस तिला," तो म्हणाला.
"डोक्यावर ज्वारीची टोपली, पाठीवर मी,
हातात धाकटी,
आणि बांधामागून बांध चढायची, न थांबता."

आधी तिला आण, म्हटलं.
इस्पितळ दोनशे पावलांवर.
त्यानं तिला पाठीवर बांधून आणलं,
चादरीची गाठ छातीवर.

मी टेप धरली, आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत.
आधी नुसती गाडी.
मग तो बसला, गाडी दोन बोटं दबली.
मग तिला मागं बसवलं.
मी पुन्हा मोजलं. पुन्हा एकदा.
नखाएवढाच फरक.

"किती भरले गं मी?" म्हातारीनं विचारलं.
मी टेप गुंडाळली.
"अंधार पडलाय, आजी. आकडे दिसत नाहीत."

"पाचवी," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.
"आवळलेली स्प्रिंग हलक्या माणसाला झेलत नाही," मी म्हटलं,
"फेकते."
तो काही बोलला नाही.
चादरीची गाठ सोडत राहिला, सुटलेली असूनही.

एक टक, डावीकडे.
एक टक, उजवीकडे. दोन्ही सारख्या हव्यात,
नाहीतर गाडी लंगडते.
साखळीला जरा ढील दिली, हवा पाहिली.
त्यानं पाचांचे पैसे काढले होते.
मी एकाच खाचेचे घेतले.

पहिल्या नाल्याशी मागचं चाक हळूच खाली गेलं,
हळूच वर आलं.
तिची मान हलली असेल, तेवढीच.
पाना हातात तसाच धरून मी वळणापर्यंत पाहत होते:
दिवा रस्त्यावरच पडत होता,
चाकापुढं वीसेक पावलं.