सर्वनाम

शनिवारी पहाटे सदरच्या चर्चमागून जीप निघायची.
मागे क्विनाईनचा पत्र्याचा डबा, पेट्रोमॅक्स,
गुंडाळलेली चित्रं, मिठाची दोन पोती
आणि पोत्यांवर मी, नऊ वर्षांची,
कारण आई दवाखान्यात रात्रपाळीला
आणि मला सांभाळायला घरी कुणी नाही.

कन्हान ओलांडली की पास्टर गाणं धरायचे.
मनसरला ते संपायचं. देवलापारनंतर रस्ताच संपायचा.
पुढे सागाची पानं, धूळ,
आणि बाबांचं पुटपुटणं. उपदेश पाठ चाललेला.
कंपाउंडर माणूस,
"दिवसातून तीनदा, जेवणानंतर"
याच्यापलीकडे चारचौघांत कधी बोललेला नाही.

सालईटोल्यात बावीस घरं.
मोहाच्या फांदीला चित्र टांगलं:
मेंढपाळ, खांद्यावर कोकरू.
एका पोट्ट्यानं विचारलं, "कापाले नेते का जी?"
नाही रे, बाबा म्हणाले, हरवलं होतं, सापडलं.
"मंग कापन?"
पास्टर हळूच म्हणाले, शांतवन, पुढचं चित्र लावा.

मग प्रार्थना शिकवायला घेतली,
एकेक शब्द, मिक्सचर मोजून ओतावं तसा.
पहिला निघाला, आमच्या.

रायवंता कुमरे अगदी पुढे बसली होती,
कोपरापर्यंत गोंदण,
मांडीवर तापानं फणफणलेली नात.
"आमच्या मंजे कोनाच्या?"
"म्हणजे... सगळ्यांच्या."
"मंग आपल्या म्हना न जी.
आमच्या मनलं का कोनी तरी बाहेर रायते."

पास्टर समजावायला लागले, बाई,
आपण त्याच्याशीच बोलतोय ना,
ऐकणारा तो, म्हणून आमच्या.
व्याकरणच तसं आहे.

तिनं नातीच्या कपाळावरचं फडकं उलटं केलं.
"मंजे बाहेर तोच रायला.
आमचे पेन तं पंगतीत बसते आमच्या.
त्यायचा वाटा आधी काढतो.
तुमचा बाप कुठी जेवते?"

बाबांच्या पाठांतरात याचं पान नव्हतं.
ते उठले, पोरीची नाडी बघितली,
गोळीचा अर्धा तुकडा चमच्यात विरघळवला,
आणि रात्रभर तिथेच बसले, भिंतीला टेकून.
पास्टर जीपमध्ये झोपले. मी मिठावर.

रजिस्टरमध्ये त्या खेपेची ओळ आहे अजून:
हजर ३१. बाप्तिस्मा ०. मलेरिया ४.
'शेरा' या रकान्यात
शाई टेकवून उचलल्याचा एक ठिपका.

अकरा वर्षं जात राहिले.
दुसरा आकडा कधी बदलला नाही.
वरून पत्रं आली, मग जीप काढून घेतली,
मग ते एसटीनं जायचे, डबा मांडीवर,
कंडक्टर विचारायचा, काय विकता काका?

आता ते चौऱ्याऐंशीचे.
परवाच्या रविवारी, सगळं चर्च उभं,
प्रार्थना सुरू झाली आणि बाबा पहिल्याच शब्दाला अडले.
लोक पुढे गेले,
भाकरीपर्यंत, क्षमेपर्यंत, आमेनपर्यंत.
हे तिथेच. ओठ 'आ'वर उघडे.
मागच्या बाकावरच्या बाईंनी मला खूण केली,
पाणी द्या त्यांना.

रिक्षात त्यांनी विचारलं,
"तू होतीस ना तेव्हा?
ती शेवटी काय म्हणाली गं?"

मला आठवत होतं. सकाळ झाली होती,
पोरगी घामानं भिजून थंड पडलेली, बरी व्हायला लागलेली,
बाबा बाहीनं डोळे पुसत पुन्हा पुस्तक शोधत होते,
आणि रायवंतानं पळसाच्या पानावर
आंबील न् मिरचीचा ठेचा पुढे सरकवला,
एक पान आणखी मांडलं, रिकाम्या जागेपुढे.

म्हणाली होती,
"आधी जेवून घ्या जी.
मंग सांगा त्याले, का सांगाचं ते."

एलआयसी चौकाचा सिग्नल लागला.
बाबा म्हणाले, "मीठ कमी होतं त्यात."
मग बराच वेळाने,
"आपल्याच पोत्यातलं."